रिपोर्टमध्ये जंतू कमी, मग पेशंट एवढा सिरियस कसा? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मलेरियाच्या पॅरासाइटबद्दल जेमतेम दोन पॅरे लिहिले होते, की तो आपल्या तांबड्या पेशीत शिरून तिच्या अंगावर स्वतःचं प्रोटीन आणून लावतो आणि ते प्रोटीन सारखं बदलत राहतो. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. मी बरीच वर्षं लॅबमध्ये मलेरियाच्या स्लाइड बघत आलेय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय, पण ते नीट कळलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

प्रश्न : नात्यातल्या एका मुलीला फॅल्सिपेरम मलेरिया झाला. पहिल्या रिपोर्टमध्ये पॅरासाइट अगदी कमी होते, काळजीचं कारण नाही म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी ती बेशुद्ध पडली. वाचली, पण आमच्या मनातून जात नाही. रिपोर्ट चुकला होता का?

मुलगी वाचली हे वाचून खरंच बरं वाटलं. रिपोर्ट चुकलाच असेल असं नाही, आणि हे मी लॅबची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाहीये. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, त्याच्या बाबतीत आकडा बरोबर असूनही तो अर्धंच सांगतो.

म्हणजे कसं ते बघा. फॅल्सिपेरमची स्लाइड ऑइल लेन्सखाली ठेवली की तांबड्या पेशींच्या आत बारीक बारीक अंगठ्या दिसतात, नाजूक निळसर कडं आणि त्यावर खडा बसवावा तसा लाल-जांभळा ठिपका, कधी दोन ठिपके, कधी एकाच पेशीत दोन-तीन अंगठ्या. हे पॅरासाइटचं बालपण. तांबड्या पेशीत तो साधारण ४८ तास राहतो, तेवढ्या वेळात हिमोग्लोबिन खाऊन मोठा होतो, मग त्याचे तुकडे पडतात, पेशी फुटते आणि ती पिल्लं नव्या पेशींत शिरतात. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराच्या स्लाइडवर लहान, मध्यम, मोठे असे सगळ्या वयाचे पॅरासाइट दिसतात, पण फॅल्सिपेरमच्या स्लाइडवर (केळ्याच्या आकाराचे नर-मादी सोडले तर) जवळजवळ सगळ्या अंगठ्याच. शिकताना मला हे कोडंच वाटायचं, मोठे झालेले जातात कुठं?

ते जातात बारीक रक्तवाहिन्यांत आणि तिथल्या भिंतीला चिकटून बसतात. मेंदूत, आतड्यात, फुफ्फुसात, आणखी कुठं कुठं. वय २० तासांच्या पुढं गेलं की पॅरासाइट तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर छोट्या छोट्या गाठी उठवतो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पुरळ उठल्यासारख्या दिसतात, आणि त्या गाठींवर पीएफईएमपी-१ नावाचं लांबलचक प्रोटीन बसवतो. याच प्रोटीनने पेशी भिंतीला चिकटते. आता बोटातून किंवा शिरेतून काढलेलं रक्त हे वाहतं रक्त, चिकटून बसलेले त्यात येणारच नाहीत. एखाद्या पेशंटचे बहुतेक पॅरासाइट नेमके त्या वेळी मोठे होऊन लपलेले असले तर रिपोर्टमध्ये आकडा छोटा येतो आणि आत भार मोठा असतो. उलट अंगठ्या खूप आणि पेशंट बऱ्यापैकी ठीक, असंही दिसतं. म्हणून सवयीची नजर फक्त मोजत नाही, तर पॅरासाइट कुठल्या वयाचे आहेत ते बघते, आणि पांढऱ्या पेशींच्या पोटात काळपट-तपकिरी कण दिसले तर सावध होते, कारण ते कण म्हणजे आत कुठंतरी मोठ्या झालेल्या आणि फुटलेल्या पॅरासाइटचा मागे राहिलेला गाळ. संशोधनात तर रक्तद्रवात पॅरासाइटचं एचआरपी-२ नावाचं प्रोटीन किती आहे ते मोजून लपलेल्यांचाही अंदाज काढतात.

चिकटायचं तरी कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. पाणथरीमुळे. पाणथरी म्हणजे रक्ताची गाळणी, ताठ झालेली, बिघडलेली तांबडी पेशी तिथून सुटत नाही. मोठा पॅरासाइट पोटात असलेली पेशी ताठ होते, म्हणजे पाणथरीत गेली की संपली, म्हणून तिकडे जायचंच नाही, वाटेतच कुठंतरी धरून बसायचं. माकडांमधल्या प्रयोगात पाणथरी काढून टाकल्यावर पॅरासाइटने चिकटणं सोडून दिलं आणि मोठे पॅरासाइट सरळ वाहत्या रक्तात दिसायला लागले, हे वाचलं तेव्हा मला हा सगळा प्रकार पहिल्यांदा नीट समजला.

पॅरासाइटच्या दृष्टीने हा जीव वाचवायचा उपाय, पण त्यातून माणसाचा आजार वाढतो, कारण चिकटलेल्या पेशींनी रक्ताची वाट अडते, आणि त्याहून वाईट गोष्ट पुढच्या उत्तरात सांगते. मलावीमधल्या मुलांच्या एमआरआयवरचं २०१५ साली छापून आलेलं काम आहे, मेंदूच्या मलेरियाने जी मुलं दगावली त्यातल्या बहुतेकांचा मेंदू खूप सुजलेला होता. अशा मुलांच्या डोळ्याच्या पडद्यावर डॉक्टरांना पांढुरके डाग आणि रक्ताचे ठिपके दिसतात, म्हणजे मेंदूच्या वाहिन्यांत काय चाललंय ते डोळ्यात डोकावून कळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते, फॅल्सिपेरम असेल तर आकड्यावर जाऊ नका, पेशंटकडे बघा. सुस्ती, बरळणं, झटके, पोटात काहीच न टिकणं, उभं राहायला न येणं, दम लागणं, लघवी कमी होणं, डोळे पिवळे दिसणं, यातलं एक जरी असलं तरी रिपोर्ट काहीही म्हणो, तडक हॉस्पिटल. तिथे शिरेतून आर्टेसुनेट देतात, त्याचा मोठा गुण हाच की ते अंगठीच्या अवस्थेतल्या पॅरासाइटलाही मारतं, म्हणजे ते मोठे होऊन चिकटायच्या आधीच.

प्रश्न : जिथे मलेरिया बारा महिने असतो तिथे मोठी माणसं अंगात पॅरासाइट घेऊन कामाला जातात आणि लहान मुलं मात्र दगावतात असं वाचलं. इम्युनिटी येते म्हणावी तर पॅरासाइट अंगात कसे? आणि येत नाही म्हणावी तर माणसं ठणठणीत कशी?

फार चांगला प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात मलेरियाचे २६ कोटी ३० लाख पेशंट झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातले जवळजवळ सगळे मृत्यू आफ्रिकेत आणि तिथले चारात तीन पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे. म्हणजे तुम्ही वाचलंत ते अगदी खरं.

मोठ्यांच्या रक्तात खरंच काहीतरी असतं हे १९६१ मध्येच दिसलं होतं. गॅम्बियात मोठ्या माणसांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वेगळ्या काढून मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना टोचल्या, आणि मुलांच्या रक्तातले पॅरासाइट झरझर खाली आले. पण या अँटिबॉडी नेमक्या कशाला पकडतात ते समजायला खूप वर्षं गेली.

आता तो पृष्ठभागावरचा पीएफईएमपी-१ आठवा. तो बनवायची कृती एकच नाही, एका पॅरासाइटकडे साधारण ६० वेगवेगळ्या कृती असतात, त्यांना व्हार जीन म्हणतात, ते १९९५ मध्ये सापडले. एका वेळी एकच जीन चालू, बाकी सगळे गप्प. शरीर त्या एकाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, पॅरासाइट मरायला लागतात, पण तोवर त्यांच्यातल्या थोड्यांनी दुसरा जीन चालू केलेला असतो, ते वाचतात आणि वाढतात, की परत पहिल्यापासून. बहुरूप्याने एक सोंग ओळखलं जायच्या आत दुसरं चढवावं तसं. शिवाय एका पॅरासाइटची ६० आणि दुसऱ्याची ६० सारखी नसतात, हे जीन आपापसात तुकडे बदलून नवे होत राहतात, त्यामुळे एकूण प्रकार मोजण्यापलीकडचे.

केनियातल्या किलिफीमध्ये १९९८ साली छापलेलं एक काम मला फार आवडतं, कारण ते साधं आहे. आजारी मुलाच्या अंगातला पॅरासाइट घेतला, आणि त्याच मुलाचं आजाराच्या आधीचं जपून ठेवलेलं रक्त तपासलं, की या मुलाकडे या पॅरासाइटच्या पृष्ठभागाला ओळखणाऱ्या अँटिबॉडी होत्या का. बहुतेक करून नव्हत्या. इतर प्रकारांविरुद्ध होत्या, पण ज्याने आजारी पाडलं त्याच्याविरुद्ध नाही, आणि बरं झाल्यावर मात्र त्याच्याविरुद्ध आल्या. म्हणजे मुलाच्या इम्युनिटीत जिथे भोक असतं नेमकं तिथून पॅरासाइट शिरतो आणि ते भोक त्या आजारपणात बुजतं. असं एकेक भोक बुजत बुजत माणूस मोठा होतो.

पण मग ६० गुणिले अगणित एवढी सगळी भोकं बुजेपर्यंत मूल जगायचं कसं? सगळ्यात महत्त्वाचं उत्तर इथे आहे आणि मला वाटतं लोकांना हेच सांगितलं जात नाही. सगळे प्रकार सारखे घातक नसतात. बरेचसे पीएफईएमपी-१ हे सीडी-३६ नावाच्या रेणूला धरतात, ते तुलनेने साध्या मलेरियात दिसतात. काही थोडे मात्र ईपीसीआर नावाच्या रेणूला धरतात, आणि गंभीर मलेरिया झालेल्या मुलांमध्ये हेच जास्त सापडतात, हे २०१३ मध्ये पुढे आलं. ईपीसीआर हा रक्तवाहिनीच्या अस्तरावर असतो आणि त्याचं रोजचं काम म्हणजे रक्त उगीच गोठू नये आणि भिंत गळू नये हे बघणं. पॅरासाइटने नेमका तोच धरून ठेवला की वाट तर अडतेच, वर रक्त गोठायला लागतं, भिंत पाझरते, सूज येते. मेंदूला कवटीच्या आत फुगायला जागाच नसते, पुढचं सांगायला नको.

आणि ज्यांच्यापासून गंभीर आजार होतो ते प्रकार बऱ्याच जणांच्या अँटिबॉडी ओळखतात, म्हणजे ते त्यातल्या त्यात एकमेकांसारखे असतात आणि मुलाला लवकर भेटतात. त्यामुळे जीव घेणाऱ्या मलेरियापासून संरक्षण तुलनेने थोड्याच आजारपणांत येतं, तापापासून संरक्षण यायला बरीच वर्षं जातात, आणि पॅरासाइट अंगात येऊच नये असं संरक्षण बहुतेकांना कधीच मिळत नाही. तुमच्या प्रश्नातला मोठा माणूस या मधल्या पायरीवर उभा आहे, पॅरासाइट आहेत पण त्यांच्याकडे जी सोंगं उरलीत ती फारशी घातक नाहीत. तो तिथून दूर जाऊन काही वर्षांनी परत आला तर हे संरक्षण बरंच ओसरलेलं असू शकतं, म्हणून लहानपणी खूप वेळा झालाय, आता काही होत नाही, या भरवशावर औषधाशिवाय जाऊ नये.

मालीमधलं एक काम तर चक्रावून टाकतं. तिथल्या कोरड्या महिन्यांत डास जवळजवळ नसतात, आणि त्या काळात काही माणसांच्या अंगात पॅरासाइट कुठलंही लक्षण न दाखवता टिकून राहतात. तेव्हा त्यांच्या पेशी कमी चिकटतात, जास्त वेळ वाहत्या रक्तात फिरतात, पाणथरी त्यातल्या बऱ्याच पकडते आणि संख्या कमी राहते. पॅरासाइट तोच, पण चिकटणं कमी झालं की आजारही नाही.

प्रश्न : मलेरियाच्या भागात वाढलेली, वर्षानुवर्षं काहीही न झालेली बाई पहिल्या बाळंतपणात मात्र मलेरियाने खंगते, बाळ अशक्त जन्मतं. गरोदरपणात इम्युनिटी कमी होते म्हणून का?

थोडंफार तेही असेल, पण खरं कारण वेगळं आहे. गरोदरपणात शरीरात एक नवा अवयव तयार होतो, वार. वारेत एक साखरेचा रेणू असतो, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए, आणि पॅरासाइटकडे त्याला धरणारं एक खास प्रोटीन आहे, व्हार-टू-सीएसए. वार नसेल तर या प्रकाराला अंगात पाय रोवायला जागाच नसते, त्यामुळे बाई लहानपणापासून शंभर सोंगं ओळखायला शिकली तरी हे तिला कधी भेटलेलं नसतं. म्हणजे तिची जुनी इम्युनिटी गेलेली नसते, शरीरात एक नवी जागा उघडलेली असते. पॅरासाइट वारेत साठतात, आईचं रक्त कमी होतं, बाळाचं वजन कमी भरतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत अँटिबॉडी आलेल्या असतात आणि धोका उतरतो. त्याच गावातल्या पुरुषांचं रक्त तपासलं तर या अँटिबॉडी जवळजवळ मिळतच नाहीत. पृष्ठभागावरचं प्रोटीन, चिकटायची जागा, आजार आणि इम्युनिटी या चारही गोष्टी एका ओळीत उभ्या राहिलेल्या इतक्या स्वच्छ दुसरीकडे कुठं दिसत नाहीत. पहिलटकरणीला मलेरियापासून जपायचं ते यासाठी, तिला आधी कधी झाला नाही हे ऐकून निर्धास्त राहू नका.

प्रश्न : सिकलसेलचा एकच जीन असलेल्यांना मलेरिया होत नाही म्हणतात, खरं का?

होतो, पण जीव घेणारा फार कमी वेळा. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, आपल्या विषयातलं एवढंच की अशा तांबड्या पेशीवर पॅरासाइटला आपलं पीएफईएमपी-१ नीट मांडता येत नाही, गाठी वेड्यावाकड्या येतात, प्रोटीन कमी पोचतं आणि पकड ढिली पडते. ओ रक्तगटाचाही थोडा फायदा दिसतो, कारण काही पॅरासाइट आजूबाजूच्या निरोगी तांबड्या पेशी स्वतःभोवती चिकटवून घेतात आणि ए गटाच्या पेशी त्यांना जास्त घट्ट धरता येतात. पण दोन्हींच्या भरवशावर तपासणी टाळू नका.

प्रश्न : निद्रारोगाचा जंतूही असाच रूप बदलतो ना? मग तो आणि मलेरियाचा एकच प्रकार समजायचा का?

युक्ती एक, पण वापर वेगळा. निद्रारोग हा आफ्रिकेतला आजार, त्याचा ट्रिपॅनोसोम नावाचा जंतू त्सेत्से माशीमधून येतो आणि पेशीच्या आत लपतच नाही, उघड्या रक्तात पोहतो. म्हणून त्याच्या अंगावर प्रोटीनचं दाट आवरण असतं, व्हीएसजी नावाच्या प्रोटीनचे साधारण १ कोटी रेणू, सगळे एकाच प्रकारचे, इतके खेटून की खालचं काही अँटिबॉडीच्या हाती लागू नये. हे आवरण कीथ विकरमन यांनी १९६९ मध्ये मायक्रोस्कोपखाली दाखवलं. पण त्याचा परिणाम खूप आधी दिसला होता, १९१० मध्ये रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी एका पेशंटच्या रक्तातले जंतू रोजच्या रोज मोजले आणि आलेख काढला, तर संख्या चढते, कोसळते, परत चढते, लाटांमागून लाटा. प्रत्येक कोसळणं म्हणजे शरीराने ओळखलेलं एक आवरण आणि प्रत्येक चढ म्हणजे नवं आवरण. त्याच्याकडे अशा जीनचा साठा २,००० च्या वर आहे, त्यातले बहुतेक मोडके, पण मोडक्यांचे तुकडे जोडून तो नवे घडवतो. एवढंच नाही, अंगाला थोड्या अँटिबॉडी चिकटल्याच तर पोहण्याच्या ओघाने त्या मागे ढकलल्या जातात, शेपटीच्या मुळाशी एक खिसा असतो त्यातून तो त्या गिळून पचवतो.

मोठा फरक हा, की मलेरियात तेच प्रोटीन लपायलाही आणि चिकटायलाही लागतं, त्यामुळे कुठलं चालू आहे यावर आजार किती गंभीर ते बरंच ठरतं. ट्रिपॅनोसोमचं आवरण मुख्यतः लपण्यासाठी, ते त्याला महिनोन् महिने टिकवतं आणि तेवढ्यात तो मेंदूपर्यंत पोचतो. आवरण आणि आजार यांना जोडणारा एक धागा मात्र थेट आहे. माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रोटीन असतं, ते जनावरांचे बहुतेक ट्रिपॅनोसोम मारून टाकतं. पण रोडेसिएन्स नावाच्या जातीने एसआरए हे प्रोटीन तयार केलं जे एपीओएल-१ ला निकामी करतं, आणि ते घडलंय कशातून तर जुन्या आवरणाच्याच जीनमधून. म्हणून ती जात माणसाला लागते.

प्रश्न : एवढं सगळं माहीत आहे तर या पृष्ठभागाविरुद्धच लस का नाही? आणि ज्या लशी निघाल्यात त्या मग कशावर चालतात?

२०२१ मध्ये शिफारस झालेली आरटीएसएस आणि २०२३ मधली आर-२१, या दोन्ही लशी पॅरासाइटच्या आधीच्या अवस्थेवर चालतात, डासाने टोचल्यावर तो लिव्हरकडे निघालेला असतो त्या वेळच्या पृष्ठभागावर. तांबड्या पेशीवरच्या सोंगांशी त्यांचा संबंध नाही. लिव्हरमधून एखादा जरी सुटला तरी पुढची लढाई शरीराला स्वतःच लढावी लागते. तरी मुलांना त्यांचा चांगला फायदा होतो, त्या मिळत असतील तर जरूर घ्याव्यात.

पीएफईएमपी-१ वर लस करायची तर कुठल्या प्रकारावर, हा प्रश्न येतो. वारेला चिकटणाऱ्या व्हार-टू-सीएसएवर दोन लशींच्या माणसांवर सुरुवातीच्या चाचण्या झाल्यात, अँटिबॉडी तयार झाल्या, पण मुख्यतः ज्या नमुन्यावरून लस केली त्याच्याचविरुद्ध, भाऊबंदांना त्या कमी ओळखत होत्या. जिआर्डिया या आतड्याच्या पॅरासाइटमध्ये वेगळा रस्ता काढून बघितला, त्याच्याकडे असे जवळपास १९० जीन आहेत आणि तोही एका वेळी एकच दाखवतो, तर त्याची गप्प बसवायची यंत्रणाच बंद पाडली, सगळी प्रोटीन एकदम बाहेर आली, आणि तशा जिआर्डियाची लस दिलेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांना पुढच्या संसर्गापासून चांगलं संरक्षण मिळालं. हे २०१० चं काम.

मलेरियात मला स्वतःला आशा वाटते ती ईपीसीआर धरणाऱ्या टोकाबद्दल. पॅरासाइट बाकीचं प्रोटीन हवं तसं बदलू शकतो, पण ईपीसीआर आपला आहे, तो बदलत नाही, त्यामुळे त्याला धरायचं तर पकडीचा आकार ठराविकच ठेवावा लागतो, अक्षरं बदलली तरी घडण तीच. २०२४ मध्ये मलेरियाच्या भागात राहिलेल्या माणसांच्या रक्तातून अशा अँटिबॉडी वेगळ्या काढल्या गेल्या ज्या त्याच टोकावर बसतात, एकमेकांपेक्षा खूप वेगळे दिसणारे बरेच प्रकार ओळखतात आणि त्यांना ईपीसीआर धरू देत नाहीत. लस अजून लांब आहे. पण लशीने शरीराला नेमकं काय शिकवायचं, ते काही माणसांच्या शरीराने मलेरिया सोसून आधीच शिकून ठेवलेलं आहे.